सतरंजी, शाल आणि दुपारची रजा : पुण्याचे महोत्सव गाठायचे कसे

भाची गेल्या जूनमध्ये लातूरहून हिंजवडीत नोकरीला आली. डिसेंबर लागला तसा तिचा फोन आला, "मावशी, ऑफिसात सगळे सवाई सवाई करताहेत. कोण गं हे सवाई? आणि तिकीट शेवटच्या दिवसाचंच काढू ना, मोठे कलाकार तेव्हाच असतात म्हणे?" मला हसू आलं. पण 1986 साली मी बार्शीहून टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून आले, तेव्हा माझी अक्कल याहून फार पुढे नव्हती. तिला जे सांगितलं तेच इथे मांडते.

आधी कॅलेंडर. पुण्याचं कलांचं वर्ष जानेवारीत नाही, ऑगस्टात सुरू होतं, तेही पावसात. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या दारात ओल्या छत्र्या आणि आतून "अरे आव्वाज कुणाचा" अशी आरोळी आली की समजायचं, पुरुषोत्तम लागला. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून कॉलेजच्या मुलांची ही एकांकिका स्पर्धा घेते. बी. जे. मेडिकलचे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे, शिवाय सतीश आळेकर ही मंडळी याच मांडवाखालून गेली, आणि पुढे 1973 साली थिएटर अकॅडमी ही नाट्यसंस्था उभी राहिली ती त्यांच्या पिढीतूनच.

नवखी माणसं अंतिम फेरीला धावतात. तिकीट मिळत नाही, मिळालं तर कुठल्या तरी खांबाआड बसावं लागतं. तुम्ही प्राथमिक फेरीला जा, आणि तेही मधल्या वारी. एका संध्याकाळी दोन-तीन एकांकिका होतात. त्यातली एक फसते, एक बरी असते आणि नशीब असेल तर एक अशी निघते की घरी जाताना रिक्षावाल्याशी बोलायचंही सुचत नाही. फसलेलीही बघा. नेपथ्य कोसळताना नट काय करतो हे पाहिलेल्या माणसालाच पुढे चांगलं नाटक कळतं, असं माझं मत आहे. आमच्या खात्यातल्या एका बाईंचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला एकांकिकेत दोन वाक्यं होती. आम्ही नऊ जणी ड्यूट्या बदलून गेलो. पहिलं वाक्य आमच्याच टाळ्यांत बुडालं, दुसरं तो विसरला. कॉलेजला काही मिळालं नाही, पण आम्ही नऊजणी पुढे दरवर्षी जात राहिलो.

बसायचं मागच्या बाजूला, मधोमध. पुढच्या रांगा कॉलेजच्या गटांना सोडा, त्यांना ओरडायचं असतं. आणि निकालावरून वाद घालायला लाजू नका. 2022 साली परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा ज्यांनी वीस वर्षांत एकही एकांकिका पाहिली नव्हती तेही तावातावाने बोलत होते. मला तो निर्णय पटला नव्हता. विशीतल्या मुलांना "कमी पडलात" असं सांगायला गुणपत्रक पुरतं.

मग गणपती. त्याबद्दल सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून दोनच गोष्टी. रोषणाईपेक्षा जिवंत देखावे बघा. पेठेतल्याच पोरापोरींनी ऑफिस-कॉलेज सांभाळून बसवलेली दहा-पंधरा मिनिटांची नाटकं असतात ती, आणि एका रात्रीत सात-आठ वेळा करतात. गाडी नदीपलीकडे ठेवून चालत फिरायचं, शनिवार-रविवार टाळायचा. दुसरं, ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात, ते एकदा तरी रस्त्यावर बसून ऐका. अंधारात निघावं लागतं. देवभोळं असायची गरज नाही, मी नाही. इतक्या गळ्यांचा एक सूर लागतो तेव्हा समोरच्या दुकानांच्या शटरना हलका कंप सुटतो, त्यासाठी मी जाते. याच दिवसांत 1989 पासून पुणे फेस्टिव्हल असतो, नृत्यनाटिकांपासून कुस्तीपर्यंत सगळं. तिथलं काय बघायचं ते ज्याने त्याने निवडावं.

पासांविषयी मात्र बोलायला हवं. काही कार्यक्रम मोफत असतात, पण पासावर. एका संस्थेच्या (नाव घेत नाही) कार्यक्रमाला मी दोन तास रांगेत उभी राहिले, आत सोडलं तेव्हा पुढच्या सहा रांगा "निमंत्रित" म्हणून राखलेल्या, आणि शेवटपर्यंत त्यातल्या चार रिकाम्या. तेव्हापासून माझा नियम असा की तिकीट असलेल्या कार्यक्रमाला आधी जायचं. पैसे मोजलेला माणूस निदान येऊन बसतो.

आता सवाई. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, किराणा घराण्याचे गायक. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर यांचे गुरू. 1952 साली ते गेले आणि 1953 पासून भीमसेनजींनी गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त शास्त्रीय संगीताचा हा महोत्सव सुरू केला. सवाई गंधर्वांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे सोबत होते, आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था. 2011 साली भीमसेनजी गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. लोक मात्र "सवाई" एवढंच म्हणतात, तुम्हीही तेवढंच म्हणा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो रात्रभर चालायचा. रात्रपाळीची सवय असल्याने मला जागरणाचं काही वाटत नसे. एक्स्चेंजमध्ये तीन वाजता ट्रंक कॉल जोडण्यापेक्षा तीन वाजता दरबारी राग ऐकणं बरं. पहाटे कुणी तरी थर्मासमधला चहा पुढे करायचं, ओळखपाळख काही नसायची. दस्तूर गायला बसले की "गोपाला" अशी फर्माईश कुठून तरी यायचीच.

मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करायचा, अशी मर्यादा पडली. वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सवलत असते, तेवढीच. आम्ही जुन्यांनी खूप गळे काढले. मध्यरात्रीनंतरचे राग गेले, पहाटेचा ललत गेला, तोडी गेली. दरबारी आता घड्याळाकडे एक डोळा ठेवून ऐकावा लागतो. पण एक गोष्ट घडली, आणि माझं सगळं सांगणं या एकाच गोष्टीसाठी आहे. रात्र कापली गेली म्हणून गाणं दुपारकडे सरकलं. मैफली एरवी संध्याकाळीच होतात, त्यामुळे दुपारचे राग तुमच्या-माझ्या कानावर येतच नसत. मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती हे सगळे ऊन कलताना गायचे राग. मुलतानी दहा हजार दिव्यांखाली ऐकण्यात मजा नाही. मांडवाच्या फटीतून तिरपं ऊन सतरंजीवर आलेलं असताना तो ऐकावा लागतो.

तेव्हा युक्ती सोपी आहे. शनिवार-रविवार सोडून मधल्या एका दिवसाची, अर्ध्या दिवसाची का होईना, रजा टाका आणि पहिल्या कलाकाराच्या आधी जाऊन बसा. पहिला कलाकार बहुधा तरुण असतो, तुम्ही नाव ऐकलेलं नसतं, समोर निम्मा मांडव रिकामा असतो आणि तो जिवाच्या आकांताने गात असतो. मोठ्या नावांचं गाणं पुढे यूट्यूबवर मिळेल. हे मिळणार नाही.

तिकिटं भारतीय बैठकीची आणि खुर्चीची, अशी दोन प्रकारची. गुडघे शाबूत आहेत तोवर बैठक घ्या. स्वस्त असते हे एक, आणि पाय पसरून, पाठ टेकून, मध्ये डुलकी काढून ऐकता येतं हे दुसरं. सोबत स्वतःची सतरंजी, पाठीला एक उशी, शाल. डिसेंबरात मोकळ्या मैदानावर सूर्य कलला की दहा मिनिटांत गारठा चढतो, आणि दुपारी तीनला तो खरा वाटत नाही. दरवर्षी अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टात कुडकुडणारी पोरं दिसतात आणि दरवर्षी माझी जादाची शाल कुणाच्या तरी अंगावर जाते. (दोन परत आल्या नाहीत.) खायचं ते दोन कलाकारांच्या मध्ये. आलापी चालू असताना वेफर्सची पिशवी उघडणाऱ्याकडे आजूबाजूचे पुणेकर कसे बघतात, त्याचं वर्णन मी करत नाही.

आपण नवे, आपल्याला कळेल का, ही भीती सोडा. सुरुवातीची वीस मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. तबला सुरू झाला की सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, पकडायचा प्रयत्न करा; शेजारच्या आजोबांची मान ज्या क्षणी खाली येते ती सम. मी असंच शिकले. आणखी हवं असेल तर महोत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात "षड्ज" नावाखाली संगीतावरचे लघुपट आणि "अंतरंग" मध्ये कलाकारांशी गप्पा असतात. तिथे गर्दी कमी, ऐकायला जास्त.

अनेक वर्षं हे सगळं रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचं, पेठेतून पायी. 2018 पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतं. मी नाराज होते, अजूनही थोडी आहे. पण मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि तिथून रिक्षा केली की झालं, हे कबूल करायला हवं. दुचाकी नेऊ नका. परतताना ती शोधण्यात शेवटच्या भैरवीची धुंदी उतरते.

जानेवारीपासून पुढचं भराभर सांगते. गायक वसंतराव देशपांड्यांच्या नावाचा वसंतोत्सव असतो. मग जब्बार पटेलांचाच पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. नोंदणी ऑनलाइन करा, रोज तीनच चित्रपट धरा, चौथ्याला झोप लागते. निवड करताना एक तरी मराठी स्पर्धेतला घ्या. त्या विभागातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार संत तुकारामांच्या नावाचा आहे, 1936 च्या प्रभातच्या चित्रपटाची आठवण म्हणून. त्या प्रभातचा स्टुडिओ लॉ कॉलेज रस्त्यावर होता, आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलेजांचा फिरोदिया करंडक येतो, त्यात नाटक, नाच, वाद्यं, चित्रकला सगळं एकाच सादरीकरणात कोंबलेलं असतं. कान थोडे दुखतात, पण डोळे सुखावतात. उन्हाळ्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला. ती कला नव्हे म्हणाल, तर पुण्यात बोलणं हीसुद्धा कलाच धरतात.

भाचीने अखेर गुरुवारची अर्धी रजा टाकली. आणि रविवारीही आली, कारण शेवट बघायचा हट्ट. तिला एकच बजावलं होतं. अगदी शेवटी, गाणं संपल्यावर, सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. खरखर असते, काही मिनिटांचीच आहे. ती सुरू झाली की पार्किंगकडे पळू नकोस, चपला शोधायलाही उठू नकोस. चपला कुठे जात नाहीत. माझ्या 1998 साली गेल्या, तेव्हा रमणबागेतून खोलीपर्यंत अनवाणी चालत आले होते.