कोकणच्या परसात या थंडीत काय लावाल?

भात झोडून झालं की घराघरांत बियाण्याच्या पाकिटांची खरेदी सुरू होते. घेताना पुढच्या चित्रापेक्षा मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्या किनारपट्टीवर डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचा पारा सहसा १५ अंशांच्या खाली जात नाही. दापोलीच्या माळावर गारठा थोडा जास्त, पण नाशिक-पुण्याची थंडी आपल्याकडे नाही. म्हणून जात त्या हिशोबानेच निवडायची.

गेल्या जानेवारीत शेजारच्या काकूंनी मला त्यांचा फ्लॉवर दाखवायला बोलावलं. गुडघ्याएवढी तजेलदार झाडं, आणि पानं बाजूला करून बघावं तर आत पुन्हा कोवळी पानंच. गड्डा नाही. शेण, पाणी, भांगलण, काही कमी पडलं नव्हतं. बी स्नोबॉल गटातलं होतं, आणि त्याला गड्डा धरायला १० ते १६ अंशांचा गारवा लागतो. तीन महिन्यांची मेहनत अशी वाया गेलेली बघवत नाही. फ्लॉवर हवाच असेल तर ‘पुसा दीपाली’सारखी लवकर येणारी जात घ्या, ती उबदार हवेतही गड्डा धरते. मुळ्यात ‘पुसा चेतकी’ घ्या, ‘पुसा हिमानी’ थंड मुलखाची. वाटाण्याच्या नादी लागू नका, उकाड्यात त्याचा फुलोरा गळतो.

त्यापेक्षा वाल लावा. भातकापणीनंतरच्या ओलीवर येतो, पाणीही फार मागत नाही; रायगडात त्याच्याच शेंगांची पोपटी लागते. परसात शेंगभाजीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण भूषण’ चांगली. लाल माठ, वांगी, मिरची आहेतच. अलिबागकडे भातानंतर पांढरा कांदा होतो. तिथलं बी ओळखीतून मिळालं तर सोडू नका.

फुलांत झेंडू, अबोली, जास्वंद, शेवंती बिनघोर लावा. ट्यूलिपच्या कंदांना कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ते पैसे वाचवा. सफरचंदाचंही तेच. कमी थंडीची म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘ॲना’लासुद्धा ७ अंशांखालचे काहीशे तास लागतात, इथे भरवशाचं फळ धरत नाही. ती जागा चिकू-पेरूसाठी ठेवा, कलम पावसाच्या तोंडावर लावा.

जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही. वाफ्यावर भाताचा पेंढा अंथरा, शिंपणं संध्याकाळी करा. वालाला फूल दिसलं की रोज सकाळी कोवळे शेंडे उलटून मावा बघत जा.