द्राक्षाच्या रंगाचा सौर सेल: छिद्रं बुजवणाऱ्या या चुका टाळा

सेल चालत नाही म्हणून मुलं येतात, तेव्हा बोटांवर द्राक्षाचे जांभळे डाग असतात आणि सगळा संशय रंगावर असतो. दिंडोरी-पिंपळगावची काळी द्राक्षं हाताशी असल्यानं नाशिकमध्ये हा प्रकल्प सोपा वाटतो. पण रंग क्वचितच दगा देतो. बिघडते ती खालची पांढरी फिल्म: काचेवरचा टायटॅनियम डायऑक्साइडचा थर. रंग उजेड शोषतो आणि त्याचा इलेक्ट्रॉन या फिल्ममधून काचेपर्यंत जातो.

सपाट काचेवर रंगाचा एका रेणूइतका थर दिला, तर तो उजेड जेमतेम शोषतो. १९९१ मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांची १० मायक्रॉन जाडीची सच्छिद्र फिल्म वापरली. आतलं क्षेत्रफळ शेकडो पटींनी वाढलं, कार्यक्षमता ७ टक्क्यांवर गेली. द्राक्षाच्या रंगावर सहसा १ टक्काही मिळत नाही. त्यात कमीपणा मानू नका.

टायटॅनियम डायऑक्साइड म्हणून रंगाच्या दुकानातली पांढरी पावडर आणू नका. भिंत झाकणारे कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे असतात. आपल्याला साधारण २५ चे हवेत.

खलात पावडर घेऊन पातळ ॲसेटिक आम्ल थेंबाथेंबानं घालत अर्धा तास घोटा, शेवटी डिटर्जंटचा एक थेंब. आम्ल एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि तिथंच फिल्म तडकते. भेगांवर दुसरा हात देऊ नका. जाड थराचे भट्टीत पापुद्रे सुटतात. काच पुसा, कडेला चिकटपट्टीचा एकच थर लावा आणि पेस्ट पुन्हा ओढा.

सगळ्यात जास्त सेल भाजताना जातात. शेगडीवर भागत नाही. ४५० अंशांवर अर्धा तास हवा. तेवढ्या उष्णतेत डिटर्जंट जळून जातो आणि कण एकमेकांना चिकटतात. ते चिकटले नाहीत तर इलेक्ट्रॉन काचेपर्यंत पोचतच नाही. फिल्म आधी तपकिरी होते, मग पुन्हा पांढरी. तपकिरी असताना काढली, तर छिद्रांत जळका अंश उरतो. पांढरी झाल्यावरही घाई नको, काच तडकेल. ८० अंशांपर्यंत उतरू द्या आणि तशीच रंगात सोडा (अल्कोहोल आहे, जवळ ज्योत नको). उघडी ठेवली तर छिद्रं हवेतली ओल पितात, आषाढात तर फारच लवकर.

रंगासाठी फक्त साली अल्कोहोलमध्ये भिजवून फिल्टर पेपरमधून गाळा. अख्खं द्राक्ष कुस्करलं की गर आणि साखर छिद्रांच्या तोंडाशी बसतात.

व्होल्टेज अजिबात नाही? फिल्म काचेच्या उलट्या बाजूवर ओढली असेल. काचेच्या एकाच बाजूला वीज वाहणारा लेप असतो. ती वाहक बाजू मल्टिमीटरवर काही दशक ओहम दाखवते. हे पेस्ट लावण्याआधी बघायचं. ०.४ व्होल्ट दिसतात पण करंट नाही? रंगाला इलेक्ट्रॉन परत देणारं आयोडीनचं द्रावण सुकलंय किंवा भाजणं कच्चं राहिलंय. आणि काही न जोडता मोजलेलं व्होल्टेज आणि मीटरवर थेट मोजलेला करंट गुणून कार्यक्षमता काढू नका. बदलता रोध जोडून प्रत्येक पायरीला व्होल्टेज आणि करंट टिपा. ज्या पायरीला गुणाकार सर्वांत मोठा येतो, तीच तुमच्या सेलची खरी शक्ती.