एकमार्गी अनोव्हा : द्राक्षबागेतल्या प्रयोगांत या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबरची फळछाटणी उरकली की निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतल्या बागांमध्ये निरनिराळ्या तुलना सुरू होतात. जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढनियामकाच्या) कोणत्या मात्रेने मण्यांची फुगवण अधिक होते, कोणत्या खुंटावर (ज्यावर वाणाचे कलम केले जाते त्या मुळाच्या झाडावर) साखर लवकर भरते, मण्यांची विरळणी कितपत करावी, हे प्रश्न कृषी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत असतात आणि स्वतःच्या बागेत ओळी राखून पाहणाऱ्या बागायतदारांच्या चर्चेतही असतात. तीन किंवा अधिक गटांच्या सरासरींची तुलना करायची म्हटली की एकमार्गी प्रचरण विश्लेषण, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘अनोव्हा’, हाती घेतले जाते, आणि ते योग्यही आहे. रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या पिकांच्या नोंदी उलगडताना त्यांनी ही पद्धत घडवली. तिचा पाया शेतातल्या विषमतेशी झुंजण्यातच आहे. द्राक्षाचा हंगाम मात्र वर्षातून एकदाच येतो, आणि आखणीत चूक झाली तर ती दुरुस्त करण्यासाठी पुढच्या छाटणीपर्यंत थांबावे लागते. म्हणूनच या चुका आधी समजून घेणे महत्त्वाचे आहे.

अनोव्हाचे एफ हे एक गुणोत्तर आहे. अंशात गटांच्या सरासरींमधला फरक असतो आणि छेदात एकाच गटातल्या एककांमधला आपापसातला फरक असतो. अंशाकडे सर्वांचे लक्ष जाते, कारण प्रश्न तोच असतो. पण प्रबंधांत आणि अहवालांत आढळणाऱ्या बहुतेक गंभीर चुका छेदात असतात, आणि संगणक त्या कधीही दाखवून देत नाही.

पुढील चर्चेसाठी एक छोटे उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ गणित समजण्यासाठी घेतले आहेत, ती मात्रेची शिफारस नव्हे. जीएच्या 20, 40 आणि 60 पीपीएम (दशलक्ष भागांत एवढे भाग) अशा तीन मात्रा प्रत्येकी पाच झाडांना, चिठ्ठ्या टाकून, दिल्या आणि प्रत्येक झाडाच्या मण्यांचा सरासरी व्यास मिलिमीटरमध्ये असा आला: पहिल्या गटात 16, 17, 16, 18, 18, दुसऱ्या गटात 18, 19, 17, 18, 18, तिसऱ्या गटात 19, 18, 20, 19, 19. गटांच्या सरासरी अनुक्रमे 17, 18 आणि 19 येतात. गटांमधील वर्गांची (म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची) बेरीज 10 असून तिच्या स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) 2 आहेत, तर गटांतर्गत वर्गांची बेरीज 8 असून तिच्या स्वातंत्र्यमात्रा 12 आहेत. बेरजांना आपापल्या स्वातंत्र्यमात्रांनी भागले की 5 आणि 0.667 येतात, त्यामुळे एफ म्हणजे 5 भागिले 0.667, अर्थात 7.5. पाच टक्के पातळीवरचे सारणीतले मूल्य 3.89 आहे आणि पी-मूल्य, म्हणजे प्रत्यक्षात फरक नसताना एवढे किंवा याहून मोठे एफ येण्याची शक्यता, सुमारे 0.008 येते, म्हणून फरक ‘सार्थक’, म्हणजे निव्वळ योगायोगाचा न वाटणारा, ठरतो.

मणी मोजले, पण प्रयोगाचे एकक झाड होते

सर्वांत घातक आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक ही आहे. वरच्याच प्रयोगात प्रत्येक झाडावरून 40 मणी घेऊन व्हर्निअर कॅलिपरने मोजले, तर प्रत्येक मात्रेचे 200 आणि एकूण 600 आकडे जमा होतात. ते सगळे तीन रकान्यांत भरून अनोव्हा चालवले, तर छेदाच्या स्वातंत्र्यमात्रा 12 ऐवजी 597 दिसतात आणि अगदी क्षुल्लक फरकही ‘अत्यंत सार्थक’ ठरू शकतो. परंतु जीएची मात्रा मण्याला दिलेली नव्हती, ती झाडाला दिलेली होती. एकाच झाडावरचे मणी एकाच मुळाचे पाणी पितात, एकाच खोडातून अन्न घेतात आणि एकाच काड्यांच्या सावलीत वाढतात, त्यामुळे ते परस्परांसारखे असतात, आणि त्यांच्यातला फरक आपल्याला हव्या असलेल्या प्रश्नाचे, म्हणजे एकच मात्रा मिळूनही दोन झाडांमध्ये किती फरक पडतो याचे, उत्तर देत नाही. छेदात झाडांमधला फरक यायला हवा होता आणि तिथे मुख्यतः मण्यांमधला फरक येऊन बसला.

स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांतली हीच चूक ठळकपणे मांडली, आणि ‘खोटी पुनरावृत्ती’ या अर्थाचे नाव तिला तेव्हापासून चिकटले. तिची ओळख सोपी आहे. उपचार स्वतंत्रपणे, यादृच्छिक रीतीने, ज्या सर्वांत लहान घटकाला दिला गेला तो घटक म्हणजे प्रयोगाचे एकक होय. फवारणी एकेका झाडावर केली असेल तर एकक झाड आहे. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने संपूर्ण ओळीवर केली असेल तर एकक ओळ आहे, मग त्या ओळीत झाडे कितीही असोत.

यावर उपाय साधा आहे: प्रत्येक झाडाच्या मण्यांची सरासरी काढावी आणि त्या 15 सरासरींवर अनोव्हा करावे. प्रत्येक झाडावरचे मणी समान संख्येने घेतले असतील, तर झाड आणि मणी असे दोन्ही स्तर धरून केलेल्या सविस्तर विश्लेषणातही मात्रांचे एफ तेवढेच येते. यातून आखणीसाठीही एक गोष्ट निघते. मण्यांची संख्या 40 वरून 80 केल्याने झाडाच्या सरासरीतली मोजणीची अनिश्चितता थोडी घटते, पण झाडाझाडांतला फरक जिथल्या तिथे राहतो. तेवढेच श्रम पाचाऐवजी आठ झाडे घेण्यासाठी वापरले तर बहुधा निष्कर्ष अधिक भक्कम होतो.

आता ज्याला उपाय नाही असा प्रकार. एका ओळीला 20 पीपीएम, शेजारच्या ओळीला 40 आणि तिसरीला 60 अशी आखणी केली, तर प्रत्येक उपचाराचे एकच एकक उरते. ओळींमधला फरक मात्रेमुळे आला की जमिनीमुळे, हे सांगण्यासाठी लागणारी माहितीच त्या प्रयोगात नसते, आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती निर्माण करू शकत नाही. विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिक प्लॉटमध्ये हे वारंवार दिसते. प्रात्यक्षिक म्हणून ते पाहावे, पण त्यावर पी-मूल्य छापणे चूक आहे. फवारा शेजारच्या झाडावर उडत असेल, तर दोन उपचारांमध्ये मोजणीतून वगळलेली झाडे राखणेही आवश्यक आहे, अन्यथा एककांची स्वतंत्रताच जाते.

पाण्याची ओळ आणि जमिनीचा उतार

ठिबकच्या लॅटरलच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या झाडांना मिळणाऱ्या पाण्यात फरक पडू शकतो, उताराच्या जमिनीत मातीची खोली बदलते, आणि कडेच्या ओळींना ऊन-वारा वेगळा लागतो. ही विषमता ओळखून अनेक जण आखणी गटवार करतात, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात तिन्ही उपचार यादृच्छिकपणे ठेवतात, आणि मग विश्लेषणाच्या वेळी पट्टे विसरून एकमार्गी अनोव्हा करून मोकळे होतात. तसे केल्यास पट्ट्यांमधला सगळा फरक छेदात जमा होतो, एफ लहान होते आणि खरा परिणाम झाकला जातो. पाच पट्टे आणि तीन उपचार असतील तर अनोव्हाच्या सारणीत पट्ट्यांची वेगळी ओळ धरून त्रुटीच्या (छेदाच्या) स्वातंत्र्यमात्रा 8 यायला हव्यात. सारणीत 12 दिसत असतील तर पट्टे गाळले गेले आहेत.

याच्याच जवळची चूक वेळेची आहे. त्याच झाडांची साखर रिफ्रॅक्टोमीटरने तीन वेगवेगळ्या आठवड्यांत मोजायची आणि तीन आठवडे म्हणजे तीन गट मानून एकमार्गी अनोव्हा करायचे, हे चालत नाही, कारण आकडे त्याच झाडांचे आहेत. तिथे पुनरावृत्त मोजमापांचे विश्लेषण लागते.

एफ सार्थक आले, पुढे काय?

एफ सार्थक असणे म्हणजे ‘सर्व सरासरी एकसारख्या आहेत’ हे गृहीतक टिकत नाही, एवढेच. कोणत्या दोन गटांत फरक आहे, ते एफ सांगत नाही. म्हणून काही जण थेट प्रत्येक जोडीची टी-चाचणी, म्हणजे दोनच सरासरींची तुलना करणारी चाचणी, करतात. पाच गटांच्या दहा जोड्या होतात. त्या चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र असत्या, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना निदान एक तरी जोडी सार्थक दिसण्याची शक्यता 40 टक्के झाली असती. जोड्यांमध्ये तेच गट पुन्हा येत असल्याने प्रत्यक्षातली शक्यता त्याहून कमी असते, पण 5 टक्क्यांच्या कितीतरी वरच राहते. सर्व जोड्या पाहायच्या असतील तर टुकी यांची चाचणी वापरावी. प्रत्येक उपचाराची तुलना फक्त नियंत्रण गटाशी करायची असेल तर डनेट यांची चाचणी अधिक योग्य आहे.

आपल्या उदाहरणात टुकी यांचा किमान सार्थक फरक सुमारे 1.38 मिमी येतो. त्यामुळे 20 आणि 60 पीपीएममधला 2 मिमीचा फरक सार्थक ठरतो, पण 20 आणि 40 मधला, तसेच 40 आणि 60 मधला 1 मिमीचा फरक ठरत नाही. इथे विद्यार्थी गोंधळतात: मधला गट दोघांसारखा असेल, तर ते दोघे परस्परांसारखे का नाहीत? कारण ‘सार्थक फरक दिसला नाही’ याचा अर्थ ‘समान आहेत’ असा होत नाही. पाच-पाच झाडांच्या पुराव्यावर 1 मिमीचा फरक ठामपणे सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. पी-मूल्य 0.05 च्या वर गेले की ‘दोन्ही मात्रा सारख्याच’ असे लिहून स्वस्त मात्रेची शिफारस करणारा अहवाल बागायतदाराची दिशाभूल करतो. तिथे फरकाचा विश्वासांतर द्यावा, म्हणजे किती फरक अजून शक्य आहे ते वाचणाऱ्याला कळते.

खरे तर या प्रयोगात जोड्या पाहण्याची गरजच नव्हती. गट म्हणजे वेगवेगळे वाण किंवा खुंट असतील तर जोड्यांची तुलना अर्थपूर्ण आहे. मात्रा मात्र क्रमाने चढणारी राशी आहे, आणि तिथला प्रश्न ‘मात्रा वाढवत नेली तर व्यास कसा बदलतो’ असा असतो. उदाहरणातील सरासरी 17, 18, 19 सरळ रेषेत आहेत. रेषीय कल वेगळा काढला तर 10 पैकी संपूर्ण 10 एवढी वर्गांची बेरीज त्या एकाच स्वातंत्र्यमात्रेत येते आणि एफ 7.5 ऐवजी 15 होते. तीन जोड्यांत विखुरलेला पुरावा एका प्रश्नावर एकवटला की उत्तर किती स्वच्छ होते, हे इथे दिसते. मात्रांच्या प्रयोगांवर अक्षरे लावलेल्या (सार्थक फरक नसलेल्या गटांना तेच अक्षर देणाऱ्या) सरासरींचे तक्ते छापण्याची रूढी बदलावी, असे मला मनापासून वाटते.

गृहीतके कशाची तपासायची

प्रसामान्यता, म्हणजे आकडे घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेले असणे, मूळ आकड्यांची तपासायची नसते, ती अवशेषांची तपासायची असते, म्हणजे प्रत्येक आकड्यातून त्याच्या गटाची सरासरी वजा केल्यावर जे उरते त्याची. सर्व गट एकाच रकान्यात ओतून चाचणी केली, तर उपचारांचा परिणाम जितका मोठा तितके वितरण विस्कटलेले दिसते, आणि चांगला प्रयोग सदोष ठरवला जातो.

गटांची प्रचरणे (आकड्यांचे विखुरणे) असमान असणे हा अधिक त्रासदायक प्रश्न आहे, विशेषतः गटांचे आकारही असमान असतील तेव्हा. लहान गटात विखुरणे जास्त असेल तर खोटी सार्थकता वाढते, आणि मोठ्या गटात जास्त असेल तर खरा फरक दबतो. अशा वेळी वेल्च यांनी 1951 मध्ये मांडलेली पद्धत वापरावी आणि जोड्यांसाठी गेम्स-हॉवेल चाचणी घ्यावी. प्रसामान्यता न मानणाऱ्या क्रस्कल-वॉलिस चाचणीकडे वळण्याआधी ती आकड्यांच्या चढत्या क्रमांकांची तुलना करते, सरासरींची नाही, हे ध्यानात ठेवावे.

पानावरील फुलकिड्यांची संख्या किंवा भुरीने बाधित घडांची टक्केवारी यांत सरासरीबरोबर प्रचरणही बदलते. मोजणीच्या लहान संख्यांसाठी वर्गमूळ घेण्याची जुनी रीत आहे, आणि आज पॉयसन (मोजणीसाठी) किंवा द्विपद (टक्केवारीसाठी) प्रकारचे सामान्यीकृत रेषीय प्रतिमान सहज उपलब्ध असल्याने तेच वापरणे बरे.

सॉफ्टवेअरमधून विचित्र उत्तर आले तर

सर्वप्रथम स्वातंत्र्यमात्रांचा रकाना वाचावा. तीन गट असताना उपचारांसमोर 2 ऐवजी 1 दिसत असेल, तर आर किंवा तत्सम सॉफ्टवेअरने 20, 40, 60 यांना गटांची नावे न मानता संख्या मानले आहे आणि अनोव्हाऐवजी रेषा बसवली आहे. तो रकाना ‘फॅक्टर’ म्हणून घोषित करावा. एकूण स्वातंत्र्यमात्रा एककांच्या संख्येपेक्षा एकने कमी नसतील, तर एखादी नोंद गळली आहे किंवा दुबार आली आहे.

एक्सेलच्या ‘अनोव्हा: सिंगल फॅक्टर’ने माहिती संख्यात्मक नसल्याची तक्रार केली, तर कुठेतरी ‘17 मिमी’ असे एककासह लिहिलेले असते, किंवा पहिल्या ओळीत शीर्षके असूनही तसे सांगितलेले नसते. मेलेल्या झाडासमोर शून्य लिहिणे ही तर फार महागात पडणारी सवय आहे. तो चौकोन रिकामा ठेवावा, कारण शून्य मिलिमीटर व्यासाचा मणी कोणीही मोजलेला नाही. पी-मूल्य 7.7ई-03 असे छापलेले असेल तर ते 7.7 नसून 0.0077 आहे.

हाताने गणित करणाऱ्यांसाठी शेवटची तपासणी. आपल्या उदाहरणात सर्व आकड्यांची बेरीज 270, सुधारणा घटक 270 चा वर्ग भागिले 15 म्हणजे 4860, गटांच्या बेरजांवरून येणारी संख्या 4870 आणि आकड्यांच्या वर्गांची बेरीज 4878 आहे. चार हजारांच्या घरातल्या या संख्यांमधून 10 आणि 8 एवढेच फरक निघतात. त्यामुळे सुधारणा घटक एकूण सरासरीवरून काढताना 18 ऐवजी 17.9 घेतले, तर तो 4806.15 येतो आणि जवळपास 54 ची चूक होते, जी प्रयोगातल्या एकूण वर्गांच्या बेरजेच्या, म्हणजे 10 अधिक 8 अशा 18 च्या, जवळपास तिप्पट आहे. वर्गांची बेरीज ऋण आली किंवा अविश्वसनीय मोठी आली, तर आधी अशी कापलेली सरासरी शोधावी आणि बेरजांवरूनच पुन्हा गणित करावे.