डोसिंग पंपाचा डोस कमी झाला? लगेच हेड खोलू नका, या चुका टाळा

कुपवाड, मिरज एमआयडीसी असो नाहीतर आपल्याकडचा कुठलाही साखर कारखाना, डोसिंग पंपाचा, म्हणजे केमिकल मोजून सोडणाऱ्या पंपाचा, डोस कमी पडला की फिटर पहिला पाना हेडलाच (केमिकल भरतं तो पुढचा भाग) लावतो आणि डायफ्राम (आत मागेपुढे होऊन केमिकल ढकलणारा लवचिक पडदा) बदलून मोकळा होतो. बऱ्याचदा डायफ्राम चांगलाच असतो. तो फाटला तर बहुतेक पंपांत हेडच्या मागे खालच्या अंगाला जे बारीक भोक असतं तिथून केमिकल ठिबकायला लागतं. हे भोक लिकेज समजून एमसील लावून बुजवलेलं बघितलं की खरंच जीव तुटतो, कारण मग केमिकल गिअरबॉक्सच्या बाजूला घुसतं, ऑइल दुधासारखं होतं, बेअरिंग जातं आणि एका डायफ्रामपायी अख्खा पंप हातचा जातो. रोज राउंडला त्या भोकाखाली नुसता हात फिरवून बघा, ग्लोव्हज घालून अर्थातच.

भोक कोरडं आहे? मग सक्शनकडे, म्हणजे टाकीतून केमिकल ओढणाऱ्या बाजूकडे चला, घोळ जास्त करून तिथंच असतो. फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या टाकीतल्या टोकाचा व्हॉल्व्ह) टाकीच्या तळाला टेकवला की गाळ ओढतो, म्हणून थोडा वर ठेवा. टाकी पंपाच्या खाली असेल तर सक्शनचा ढिला जॉइंट बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढतो, त्यामुळं लिकेज डोळ्याला दिसतच नाही. हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइट) तर वेगळंच, सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते स्वतःच गॅस सोडतं, हेडमध्ये बुडबुडा अडकतो, मोटर चालू, स्ट्रोक (डायफ्रामचं मागेपुढे होणं) चालू, पण प्रत्येक स्ट्रोकला तो बुडबुडाच दबतो आणि सुटतो, पुढं थेंब जात नाही. टाकी सावलीत घ्या, जमलं तर पंपाच्या वर ठेवा, आणि डोस कमी करायचा असेल तर स्ट्रोक लांब ठेवून स्पीड कमी करा. लोक नेमकं उलटं करतात. तसंही स्ट्रोक अगदी तळाला आणून अचूक डोसची अपेक्षा धरू नका, एपीआय ६७५ या डोसिंग पंपांच्या मानकामध्येसुद्धा अचूकता १०:१ रेंजपुरतीच, म्हणजे कमाल डोसच्या दहाव्या भागापर्यंतच, धरलेली आहे.

त्यानंतर हेडच्या व्हॉल्व्हमधला बॉल आणि तो जिच्यावर बसतो ती सीट. टेफ्लॉन टेपचा केसाएवढा धागा सीटवर अडकला तरी बॉल बसत नाही. काढताना कुठला भाग कुठल्या क्रमाने होता त्याचा मोबाईलवर फोटो काढा, उलटा बसवला की पंप काहीच देत नाही.

कॅलिब्रेशन, म्हणजे पंप खरोखर किती डोस देतो ते मोजणं, डिस्चार्ज पाइप (पंपातून बाहेर जाणारा) बादलीत सोडून करू नका. लाइनचं प्रेशर नसेल तर आकडा वेगळाच येतो. सक्शनच्या कॅलिब्रेशन कॉलमवर (मापाच्या खुणा असलेली उभी नळी), चालू प्रेशरला मोजा.

डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालू करायचा नाही आणि रिलीफ व्हॉल्व्हची (प्रेशर वाढलं की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह) लाइन टाकीत परत गेलीच पाहिजे, यात तडजोड नको.

सीझन संपला की बॉयलरचा फॉस्फेट डोसिंग पंप तसाच भरलेला सोडतात, पुढच्या गाळपापर्यंत आत खडे होतात आणि बॉल चिकटून बसतात. पाण्याने फ्लश करून ठेवा. सल्फ्युरिक ॲसिडच्या पंपात मात्र थेट पाणी सोडू नका, भयंकर तापतं, आधी पूर्ण ड्रेन करा. आणि हायपोचा पंप न धुता ॲसिडला लावला तर क्लोरीन सुटतो, माणसाच्या जिवावर बेततं.

डायफ्राम खरंच बदललात तर हेडचे बोल्ट समोरासमोरचे, कंपनीने दिलेल्या टॉर्कने (आवळायच्या ठरलेल्या जोराने) आवळा, आणि दुसऱ्या दिवशी पंप बंद करून, प्रेशर सोडून परत एकदा चेक करा, कारण टेफ्लॉन दबून बसतो आणि बोल्ट ढिले पडतात.