झेलेंकाच्या सोनाटा जुन्या वाद्यांवर रेकॉर्ड करताय? मग या चुका टाळा

यान डिसमास झेलेंका (१६७९–१७४५) म्हणजे ड्रेस्डेनच्या दरबारात व्हायोलोन (मोठं, खर्जाचं तंतुवाद्य) वाजवणारा बोहेमियन माणूस, बाखच्या काळातला पण बाखइतकं नाव कधीच न झालेला, आणि त्याने १७२०च्या आसपास लिहिलेल्या सहा ट्रायो सोनाटा वाजवताना आजही भल्याभल्या ओबोवाल्यांना (ओबो म्हणजे सनईसारखं फुंकवाद्य) घाम फुटतो. त्या बरोक (म्हणजे त्या काळच्या बनावटीचे) ओबो, बरोक बासून (ओबोचा खर्जातला मोठा भाऊ) घेऊन रेकॉर्ड करायच्या म्हटलं की लोक आधी माइक कुठला घ्यायचा यावर वाद घालत बसतात. पण बहुतेक घोळ माइक लावायच्या आधीच होऊन बसलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक बासूनची. नाव ट्रायो (त्रिकूट), त्यामुळे दोन ओबो (तिसऱ्या सोनाटात एक व्हायोलिन, एक ओबो) आणि खाली बेस असं डोक्यात बसतं आणि बासूनवाल्याला हार्पसिकॉर्डमागे (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य) कोपऱ्यात खुर्ची मिळते. अहो, तो साथीदार नाहीये! थोडा वेळ तो बेसबरोबर चालतो, मग मध्येच सुटतो आणि ओबोंच्या बरोबरीने धावायला लागतो, पाचव्या सोनाटात तर तोच खरा हिरो आहे. त्याला पुढे, दोन्ही ओबोंच्या मधे बसवा, ओबो डावी-उजवीकडे लांब ठेवा म्हणजे एकमेकांची नक्कल करतात ते कानाला कळतं, आणि कंटिन्युओचा (हार्पसिकॉर्डसोबतच्या साथीचा) बेस मागे जरा बाजूला. दोन्ही बेस एकाच बाजूने आले की खाली नुसता चिखल होतो आणि तो मिक्सिंगमध्ये कितीही EQ (खर्ज-तारचं प्रमाण) फिरवला तरी निघत नाही.

व्हायोलोन घ्यायचा की चेलो पुरे? झेलेंका स्वतः व्हायोलोनवाला, त्यामुळे मोह होतोच, आणि बासून बेसच्याही खाली उतरतो तिथे एक सप्तक खालचं वाद्य असलं तर हार्मनी उलटी ऐकू येत नाही हा मुद्दाही खरा आहे. पण तीन-तीन सेकंद घुमणाऱ्या दगडी चर्चमध्ये तो सगळं गिळून टाकतो. माझं मत विचाराल तर कोरड्या हॉलमध्ये व्हायोलोन, चर्चमध्ये चेलो आणि थिओर्बो (लांब मानेचं, छेडून वाजवायचं तंतुवाद्य).

आता सूर. ४१५ वर (म्हणजे A हा सूर ४१५ हर्ट्झला) वाजवायचं ठरलं की काम झालं असं वाटतं, पण खरी कटकट तिथूनच चालू होते, कारण हॉल तापला की फुंकवाद्यं चढतात (हवा एका डिग्रीने तापली की हिशोबाने साधारण ३ सेंट, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आणि हार्पसिकॉर्डच्या धातूच्या तारा त्याच उष्णतेने सैल होऊन उतरतात, म्हणजे दोघं उलट्या दिशेला पळतात. सकाळचा टेक (एका दमात रेकॉर्ड केलेला तुकडा) आणि जेवणानंतरचा टेक मग एडिटिंगमध्ये जुळतच नाहीत, कट मारला की जोड लगेच ऐकू येतो. उपाय साधा आहे पण कंटाळवाणा: हार्पसिकॉर्ड आदल्या दिवशीच आणून हॉलमध्ये मुरू द्या, हीटिंग किती ठेवायचं ते ठरवून मग हात लावू नका, आणि प्रत्येक टेकच्या आधी A वाजवून रेकॉर्ड करा, तो फाइलमध्ये राहू दे. मैफिलीत तानपुरा उतरला की गायक मधेच थांबून लावून घेतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, तसं इथेही थांबा, हार्पसिकॉर्ड लावणारा ट्यूनर बसल्या जागी वाट बघत असला पाहिजे.

टेंपरामेंटबद्दल (कीबोर्डचे सूर आपसात कसे लावायचे त्याबद्दल) एकच सांगतो. जुनं म्हणजे मीनटोन (सूर लावायची एक जुनी पद्धत) असं समजून तिचा क्वार्टर-कॉमा प्रकार लावलात तर सहावा सोनाटा, जो सी मायनरमध्ये आहे, तिथे ए-फ्लॅट हवा असतो आणि कीबोर्डवर मिळतो जी-शार्प (पट्टी एकच, सूर वेगळा). ऐकवत नाही. सहाही सोनाटा फ्लॅटवाल्या सुरांत आहेत, त्यामुळे वर्कमाइस्टर किंवा वालोट्टीसारखी दुसरी पद्धत लावा आणि कुठलं लावलंय ते ओबोवाल्यांना आधीच सांगा, कारण त्यांच्याकडे ए-फ्लॅटसाठी चावी नसते, तिसऱ्या बोटाखालच्या जोड भोकांपैकी एक बंद करून तो काढतात आणि ओठाने सरकवतात.

स्पीडची चूक बहुतेक होलिगर-बूर्ग या ओबोवादकांच्या १९७२च्या रेकॉर्डिंगमुळे होते. ते अफाट आहे, वादच नाही, पण ते आधुनिक ओबोवर आहे, पूर्ण चाव्यांच्या. तो वेग दोन-तीन चाव्यांच्या ओबोवर ओढायला गेलं की क्रॉस-फिंगरिंगमध्ये (मधलं भोक उघडं ठेवून खालची बंद करताना) स्वर चिरडतात. त्यात झेलेंका श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही, पानंच्या पानं सोळाव्या मात्रा (एकदम बारीक, भरभर स्वर). श्वास कुठे घ्यायचा आणि पॅच (बिघडलेल्या जागेचा पुन्हा रेकॉर्ड केलेला तुकडा) कुठून घ्यायचा हे रिहर्सलमध्येच स्कोअरवर पेन्सिलने मार्क करा.

आणि पॅच घेताना हे लक्षात ठेवा. बिघडलेला बार (स्कोअरमधला तालाचा एक भाग) चाळीसावा असेल तर चाळीसाव्यापासून सुरू करू नका, निदान तीन-चार बार आधीपासून वाजवा. चर्चमध्ये आधीच्या कॉर्डचा घुमारा चाळीसाव्या बारवर पसरलेला असतो, पॅच थेट तिथून सुरू झाला तर तो नसतो आणि जोडल्यावर मागची हवाच कोणीतरी कापल्यासारखी वाटते. शेवटच्या कॉर्डनंतरही तेच, ओबोवाला वाद्य खाली ठेवून उसासा टाकतो आणि टेक गेला. हात वर करून थांबवायचं, घुमारा पूर्ण संपेपर्यंत.

किरकोळ गोष्टी पण वेळ खातात: चर्चची घंटा पाव-पाव तासाला वाजते, ती बंद ठेवायला आधी बोलून घ्या. रिकाम्या हॉलचा अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. रीड (ओबो-बासूनच्या तोंडाशी लावायच्या पात्या) जास्तीच्या आणा, त्या नेमक्या दुपारीच रुसतात.

एडिशन छापील घेत असाल तर हस्तलिखिताचे स्कॅन बाजूला ठेवा, ते ड्रेस्डेनच्या राज्य ग्रंथालयात आहेत आणि नेटवर फुकट बघता येतात. स्लर (स्वर जोडणारी कमान) कुठे संपतो यावर दोन ओबोंमध्ये भांडण होणार हे नक्की, ते रेकॉर्डिंगचा रेड लाइट लागायच्या आधी मिटवा, कारण तासाचं भाडं चालू असताना मिटवलेलं भांडण फार महाग पडतं. बुकलेटमध्ये 'जगात प्रथमच' असं मात्र छापू नका, या सोनाटा कितीतरी वेळा रेकॉर्ड झाल्यात, जुन्या वाद्यांवरसुद्धा.