गावासाठीचा प्रकल्प, प्राध्यापकांचा निधी: या चुका टाळा

उच्च शिक्षण संस्थांना गावांशी जोडणारं केंद्राचं उन्नत भारत अभियान, राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग, आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद), केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, शिवाय विद्यापीठांची स्वतःची छोटी अनुदानं. गावाच्या प्रश्नावर काम करू पाहणाऱ्या प्राध्यापकांना आज बरीच दारं उघडी आहेत. तरीही मंजूर झालेले कितीतरी प्रकल्प दुसऱ्या हप्त्यापाशी अडकतात. जे पूर्ण होतात त्यांतल्या काहींचं यंत्र वर्षभरात ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपाआड जातं. कारण शोधत मागे गेलं तर बहुतेक वेळा ते प्रस्ताव लिहिण्याच्या दिवसांतच सापडतं. गाव सगळ्यात शेवटी आठवलेलं असतं.

उत्तर आधी, प्रश्न नंतर

प्रयोगशाळेत सोलर ड्रायर तयार आहे, आता त्याला गाव शोधायचं, या क्रमाने निघालेला प्रस्ताव तज्ज्ञ समितीला लगेच ओळखू येतो. उन्नत भारत अभियानात सहभागी संस्थेने किमान ५ गावं दत्तक घ्यायची असतात आणि आराखड्याआधी घरोघरचं व गावपातळीवरचं सर्वेक्षण करायचं असतं. ते फॉर्म एनएसएसच्या मुलांकडून एका रविवारी भरून घेतले जातात आणि पुन्हा कुणी उघडत नाही. निदान ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तरी वाचा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तो सापडतो. गावाने स्वतः काय मागितलंय ते त्यात असतं. तुमचा विषय त्यातल्या एखाद्या कामाला जोडता आला, तर प्रकल्प संपल्यावर ते काम पुढे नेण्याची जबाबदारी घेणारं कुणीतरी राहतं.

राज्याने २०१६ मध्ये आयआयटी मुंबईला सोबत घेऊन सुरू केलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानामागचा विचार मला म्हणूनच पटतो. जिल्ह्याच्या यंत्रणेला पाणी, रस्ते, ऊर्जा अशा ज्या विषयांचा अभ्यास हवा आहे, तो स्थानिक महाविद्यालयांनी करून द्यावा, असा तो विचार आहे.

सरपंचांचं पत्र म्हणजे गावाची संमती नव्हे

लेटरहेडवर सही-शिक्का घेतला की काम झालं असं आपण धरतो. पुढे सरपंच बदलतात आणि नवी बॉडी ‘आम्हाला काही माहीत नाही’ म्हणून मोकळी होते. ग्रामसभेचा ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभा. प्रस्तावाची मुदत डिसेंबरात असेल तर विषयपत्रिकेवर तुमचा विषय सप्टेंबरातच जायला हवा. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे) पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते, तेव्हा मुख्य गावाचा ठराव तिथे पुरेल असं गृहीत धरू नका. वनोपजावर काम असेल तर सामूहिक वनहक्क कुणाकडे आहे ते आधी विचारा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला. अशा गावात ग्रामसभेला वगळून एक पानही हलत नाही, आणि ते योग्यच आहे.

विद्यापीठाचं कॅलेंडर घेऊन गावात जाणं

प्रस्तावातला वेळापत्रकाचा तक्ता सहसा सेमिस्टरवर बेतलेला असतो: जुलैत सर्वेक्षण, डिसेंबरात प्रशिक्षण, मेमध्ये अहवाल. आता हा तक्ता गावावर ठेवून पाहा. जुलैत कोकण आणि पूर्व विदर्भ भातलावणीत असतो. बांधावर उभं राहून चाळीस प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला कोण उत्तर देणार? डिसेंबरात कर्जत किंवा जव्हार-मोखाड्याच्या वाड्यापाड्यांवर गेलात तर कितीतरी घरांच्या दारांना बाहेरून कडी असते, कारण माणसं दिवाळीनंतरच वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर गेलेली असतात. बीडमधली, ऊसतोडीसाठी उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी कारखान्यांच्या फडात असतात. घरी सापडतात ती म्हातारी माणसं आणि लहान मुलं, आणि त्यांच्या उत्तरांवरून ‘गावाच्या उत्पन्नाचा’ तक्ता तयार होतो. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोलीत मोहफुलं वेचायची असतात, मेमध्ये तेंदूपत्ता.

पाण्याच्या प्रकल्पांत ही चूक फार महागात पडते. ऑक्टोबरात विहिरीत दहा फूट पाणी दिसतं आणि त्यावर योजना आखली जाते. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी मुरतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात. तो साठा मर्यादित असल्याने तीच विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. उन्हाळ्यातलं मोजमाप नसेल तर पाण्याचा प्रस्ताव पाठवू नका. एक वर्ष थांबा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, त्या मागून घ्या.

हिशेब: खर्च खरा, कागद नाही

अनुदान अडकतं ते बहुधा इथेच. गावातला खर्च कार्यालयाच्या साच्यात बसत नाही. वडापला (गावाकडच्या प्रवासी जीपला) दिलेलं भाडं, बैठकीचा चहा, बचत गटाने रांधलेलं जेवण यांतल्या कशाचंच जीएसटी बिल मिळत नाही. पैसे प्राध्यापक खिशातून घालतात आणि मार्चमध्ये लेखा विभाग व्हाउचर परत पाठवतो. उपाय सुरुवातीलाच करायचा असतो. जेवणाचं काम ठरावाने बचत गटाला द्या, पैसे गटाच्या बँक खात्यात जमा करा आणि गटाच्या शिक्क्याची पावती घ्या. हातपावती ५,००० रुपयांच्या वर गेली तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं. वाहनाचं लॉगबुक त्याच दिवशी लिहा. आणि पहिला हप्ता येण्याआधी वित्त व लेखा अधिकाऱ्यांसोबत बसून कोणता खर्च कोणत्या हेडखाली (खर्चाच्या मंजूर सदराखाली) टाकायचा ते ठरवून घ्या.

केंद्राच्या अनुदानासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला, १२-ए नमुन्यात लागतं. नियमाने आर्थिक वर्ष संपल्यावर १२ महिन्यांची मुदत आहे, पण ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही, म्हणून एप्रिलमध्येच कामाला लागा. आगाऊ रकमेवर बँकेत जमलेलं व्याज तुमचं नसतं, ते परत करावं लागतं. पैसे फेब्रुवारीत हाती पडले म्हणून ३१ मार्चच्या आत लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन टाकू नका. उरलेली रक्कम पुढील वर्षी वापरण्याची परवानगी लेखी मागा. हेड बदलायचा असेल तर तीही परवानगी खर्चाआधी घ्या. खर्च झाल्यावर पाठवलेलं पत्र ऑडिटमध्ये टिकत नाही.

यंत्र कुणाचं, जागा कुणाची

सरपंचांच्या शेतात बसवलेला पंप पुढे सरपंचांचाच होतो. जागा ग्रामपंचायतीची असावी आणि यंत्र कुठे बसतंय ते ठरावात लिहिलेलं असावं. यंत्र महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) राहिलं तर ग्रामपंचायत त्याच्या दुरुस्तीवर खर्च करू शकत नाही. म्हणून निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी घेऊन ते ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवा. वीजबिल कोण भरणार, किल्ली कुणाकडे राहणार, पंखा जळला तर तालुक्यात मेकॅनिक आहे का, हे प्रस्तावातच लिहा. असा एक परिच्छेद तज्ज्ञ समितीला अर्ध्या पानाच्या संदर्भसूचीपेक्षा जास्त सांगून जातो.

माहितीबद्दल थोडक्यात. आधार कार्डांचे फोटो विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर गोळा करू नका. सर्वेक्षणाला त्यांची गरज नसते. संमतीपत्र मराठीत असू द्या, आणि जिथे गोंडी, वारली किंवा कातकरी बोलली जाते तिथे ते कुणाकडून तरी त्या बोलीत समजावून द्या. आरोग्याचा भाग असेल तर नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधी हातात हवी.

काम अडलंच तर

मुदत संपायच्या आत, शक्यतो तीन महिने आधी, जादा खर्चाविना मुदतवाढ मागा. मुदत संपल्यानंतरची विनंती बहुधा फेटाळली जाते. प्रमुख अन्वेषकाची (ज्यांच्या नावे प्रकल्प मंजूर आहे त्या प्राध्यापकांची) बदली किंवा निवृत्ती दिसत असेल तर सहअन्वेषकाच्या नावे प्रकल्प वर्ग करण्याचं पत्र संस्थेमार्फत पाठवा. सर्वेक्षणात मूळ गृहीतक चुकीचं निघालं तर ते सहामाही अहवालात स्पष्ट लिहा आणि सुधारित उद्दिष्टं मागा. अंतिम अहवालासोबत दोन पानांचा मराठी गोषवाराही तयार करा, त्याची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या आणि पुढच्या ग्रामसभेत स्वतः उभे राहून तो वाचून दाखवा.