माळावरचं गवत जूनपर्यंत कसं पुरवावं

दिवाळीनंतर माळ सोनेरी दिसायला लागला की बहुतेक ठिकाणी विळे निघतात. तोवर उशीर झालेला असतो. पवना, मारवेल, शेडा, डोंगरी ही आपल्या कुरणातली चांगली गवतं. फुलोऱ्यात असताना त्यांच्यात साधारण ६ ते ८ टक्के प्रथिनं असतात. बी झडून काडी वाळली की ती ३ टक्क्यांच्या आसपास येतात. गुरांच्या पोटातल्या जिवाणूंना काडी पचवायला सुमारे ७ टक्के प्रथिनं लागतात. त्याहून कमी मिळाली की पचन मंदावतं, पोट भरलेलंच राहतं आणि जनावर खातंच कमी. फेब्रुवारीत गव्हाणीत गवत शिल्लक आणि गाय मात्र बरगड्या दाखवतेय, असं दिसलं तर त्याचं मूळ ऑक्टोबरात शोधावं.

इथला हिशेब दहा एकर माळ आणि चार मोठी गुरं असलेल्या घरासाठी केला आहे. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी, कोणतीही देशी जात असो, रीत तीच.

आधी तोंडं मोजा, मग गवत

वजनकाटा नसला तरी टेपने वजन काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे झालं किलोतलं वजन. घेर ६६ आणि लांबी ५२ इंच असेल तर गाय साधारण ३४३ किलोची. तिला रोज वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे वाळलेलं गवत ९ किलो धरा. नोव्हेंबर ते जून हे २४२ दिवस. एका गाईला सुमारे २,१८० किलो, चौघींना ८,७०० किलो.

आता कुरण काय देतं ते बघा. एक मीटर बाय एक मीटरची बांबूची चौकट करा. माळावर सरळ रेषेत चालत ठरावीक पावलांवर दहा ठिकाणी टाका. चांगली जागा बघून टाकली तर हिशेब फसतो. चौकटीतलं गवत जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून कापा, वाळवा, तोला. सरासरी ग्रॅमला चारने गुणलं की एकरी किलो मिळतात. चौकटीत ४०० ग्रॅम भरलं तर एकरी १,६०० किलो. कापणी, वाहतूक आणि गंजीतली १५ टक्के नासाडी वजा केली की हाती येतात साडेतेराशेच्या आसपास.

माळाचे चार भाग

पहिल्या पावसानंतर फुटलेला कोंब मुळातल्या साठ्यावर वाढत असतो. तो वर येताच खाल्ला, पुन्हा फुटला, पुन्हा खाल्ला, की मूळ रिकामं होतं. दोन-चार वर्षांत पवना-मारवेल विरळ होऊन कुसळी आणि तरोटा माजतो. चांगला माळ उजाड होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि पाऊस कमी झाला म्हणून आपण दोष ढगांना देतो.

म्हणून दहा एकराचे अडीच-अडीच एकरांचे चार भाग करा. पावसाळ्यात गुरं एकाच भागात चरतील. दोन भाग कापणीचे. चौथा न कापता उभा ठेवायचा, तो हिवाळ्यात चरायला. पुढच्या वर्षी भाग एकेक घर सरकवा. उभ्या भागात बी आपोआप जमिनीवर पडतं, त्यामुळे चार वर्षांत प्रत्येक तुकड्यावर एकदा तरी पेरा होतो.

कापणीच्या पाच एकरांतून पावणेसात टन मिळतात. उभ्या अडीच एकरांतलं निम्मं पायदळी जातं, उरतात दोन टन. चार गुरांचं कसंबसं भागतं. पाचवं जनावर ठेवायचं तर कडबा कुठून आणणार ते आधी ठरवा.

कापणी

शेतात फिरून बघा: निम्म्या ठोंबांना फुलोरा आला की तीच वेळ. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ती बहुधा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येते. नेमकी तेव्हाच सोयाबीन-बाजरीची काढणी असते, मजूर मिळत नाहीत आणि परतीचा पाऊस डोक्यावर असतो. लोक उशीर करतात तो आळसाने नव्हे, या दोन अडचणींमुळे. त्यावर उपाय एकच: सगळं एकदम कापायला घेऊ नका. चार दिवसांची उघडीप दिसली की जेवढं त्या चार दिवसांत वाळून बांधलं जाईल तेवढंच आडवं करा. पेट्रोलवरचा ब्रश कटर असेल तर दोघांचं काम एक जण करतो.

कुसळी गवताचा पट्टा सगळ्यात आधी कापावा, कुसळं धरण्यापूर्वी. पिकलेली कुसळं हिरड्यांत, जिभेखाली, डोळ्यांत घुसतात. जनावर लाळ गाळायला लागतं आणि खाणं सोडतं.

जमिनीला घासून कापू नका. चार-पाच बोटं खोड राहिलं तर ठोंब टिकतो. कापलेलं गवत पहिला दिवस पसरून ठेवा, दुसऱ्या दिवशी दव उडाल्यावर उलटा. मूठभर गवत पिरगाळा: काडी तडकली आणि पेरावर नख मारून ओल दिसली नाही, तर वाळलं. पेंढ्या मात्र सकाळी लवकर बांधा. भर दुपारी बांधल्या तर पानं चुरून खाली पडतात, आणि कस पानांतच असतो. दहा पेंढ्या तोलून सरासरी काढून ठेवा. गवत शेकड्याने मोजायची पद्धत आहे, पण गाय शेकडा खात नाही, किलो खाते.

गंजी

उंचवट्यावर दगड किंवा लाकडाचा फूटभर उंच ओटा करा. गंजीचा मध्य कायम कडांपेक्षा उंच ठेवत रचा, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर वाहतं. माथ्याला उतार द्या आणि ताडपत्री किंवा उसाच्या पाचटाने झाका.

ओल्या गवताची गंजी आतून तापते. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाच-सहा फुटी लोखंडी सळई पोटात खुपसून वीस मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर गंजी उकलावी लागेल. उकलताना पाणी जवळ ठेवा. हवा लागताच आत पेट घेऊ शकतं. बुरशी आलेलं गवत गाभण गाईला कधीही घालू नका, गाभ जाण्याचा धोका असतो. ते खतात टाका.

नोव्हेंबरातच माळाच्या चारी बाजूंनी आणि गंजीभोवती तीन मीटरचा पट्टा खरवडून मोकळा करा. वणवा बहुतेक वेळा शेजारच्या रानातून येतो. माळ पेटवला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, हा समज सोडून द्या. राखेनंतर हिरवा कोंब लवकर दिसतो खरा, पण बी, पाचोळा आणि जमिनीतली वरची ओल जळालेली असते, आणि पहिल्याच वळिवाने माती धुपते.

उभं गवत चारताना

अडीच एकर एकदम मोकळं सोडलं तर गुरं आठवड्यात पानं वेचून खातात आणि बाकीचं तुडवतात. दोन-तीन दिवस पुरेल एवढाच पट्टा द्या. पाण्याजवळून सुरुवात करा, म्हणजे येजा खाऊन झालेल्या जागेवरून होते. थंडीत गवत पुन्हा फुटत नाही, त्यामुळे मागच्या बाजूला कुंपण लागत नाही, पुढची एक तार सरकवत न्यायची.

त्यासाठी सोलर झटका मशीन सोयीचं. मोठ्या गुरांना जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर एक तार पुरते, वासरं असतील तर ४५ सेंटिमीटरवर दुसरी. झटका बसत नाही या तक्रारीचं कारण बहुधा अर्थिंग असतं: कोरड्या मुरमात एक सळई ठोकून भागत नाही. मीटर-दीड मीटरच्या तीन सळया ओलीच्या जागी ठोका आणि दर आठवड्याला पाणी ओता. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला कधीही जोडू नका. त्याने माणूस मरतो, आणि तो गुन्हाही आहे.

जानेवारीनंतर वरचा आधार

उभं गवत तोवर कसहीन झालेलं असतं. मोठ्या जनावराला रोज एक किलो सरकी किंवा भुईमुगाची पेंड, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ द्या. पेंडीने गवत पचायला लागतं. गवत कमी आणि पेंड जास्त, असा मार्ग मात्र महागात पडतो. बांधावर सुबाभूळ असेल तर पाला चांगला, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीच. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे केस झडतात.

उशिरा कापलेलं निकृष्ट गवत युरियाने सुधारता येतं. १०० किलो गवताची कुट्टी, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळू द्या. खडे राहिले तर एखाद्या जनावराच्या तोंडी विष जातं. कुट्टी थराथराने पसरून द्रावण झारीने शिंपडा, पायाने दाबा, प्लास्टिकने हवाबंद झाका. २१ दिवसांनी एका बाजूने उघडा आणि लागेल तेवढी काढून तासभर पसरा, म्हणजे अमोनियाचा उग्र वास उडेल. सुरुवातीला किलो-दोन किलो, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. युरियाचं पाणी पिण्याच्या हौदाजवळ ठेवू नका.

कोरड्या चाऱ्यावर जनावराला दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी लागतं. थंडीत सकाळी हौदातलं गार पाणी गुरं कमी पितात. विहिरीचं ताजं उपसलेलं कोमट असतं, तेच द्या.

पाऊस लागताना

जूनच्या पहिल्या पावसात विरळ जागी स्टायलो हमाटा या चाऱ्याच्या वनस्पतीचं बी फेका, एकरी २ ते ३ किलो. बियांचं कवच कडक असतं, म्हणून ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून काढा, वाळवा, मग पेरा. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवत नाही. ही डाळवर्गीय वनस्पती गवतातला प्रथिनांचा तुटवडा भरून काढते. घाणेरीची झुडपं याच ओलीत मुळासकट उपटा. भुकेलं जनावर तिचा पाला खातं, मग कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलून निघते. चराईच्या भागात गुरं सोडण्यापूर्वी पहिले आठ दिवस सकाळी दोन-तीन किलो वाळलं गवत घाला, नाहीतर कोवळ्या पाल्याने हगवण लागते.